चार पणज्यांची नावं: घराण्याचा इतिहास कसा शोधायचा आणि कसा लिहून ठेवायचा

एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या चारही पणज्यांची नावं लिहून बघा. वडिलांच्या वडिलांची आई, वडिलांच्या आईची आई, आईच्या वडिलांची आई आणि आईच्या आईची आई. प्रत्येकीचं सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं आडनाव आणि गाव.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला एकच नाव लिहिता आलं, आणि तेही सासरचं. आमच्या घरी तेव्हा सात पिढ्यांची वंशावळ होती. थोरल्या काकांनी ती सुबक अक्षरात लिहून, फ्रेम करून सोप्यात लावली होती. मूळ पुरुषापासून माझ्या पुतण्यापर्यंत सगळे तिच्यात होते, पण एकही बाई नव्हती. ज्यांच्या पोटी हे सगळे जन्मले, त्यांच्यासाठी कागदावर जागाच ठेवलेली नव्हती.

म्हणून घराण्याचा इतिहास कुठून सुरू करू असं कुणी विचारलं, की मी मूळ पुरुषापासून सुरुवात करू देत नाही. मूळ पुरुष कुठल्या लढाईत होता आणि कुठून आला ही गोष्ट बहुतेक घरांत तयार असते, आणि तिला पुरावा क्वचितच असतो. पणज्यांपासून सुरुवात केली की एकाऐवजी चार गावं आणि चार घराणी उघडतात. एका गावचं दप्तर वाळवीनं खाल्लेलं असलं तरी वाट बंद होत नाही. शिवाय या बायकांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडे याच महिन्यात जायला हवं.

वही कशी आखायची

दोनशे पानी जाड वही घ्या आणि प्रत्येक माणसाला क्रमांक द्या. तुम्ही १, वडील २, आई ३. पुढे सगळ्यांना एकच नियम: कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याचे वडील, आणि दुपटीत एक मिळवला की त्याची आई. म्हणजे वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५, आईचे वडील ६, आईची आई ७. तुम्हाला सोडून सगळे सम आकडे पुरुषांचे आणि विषम आकडे बायकांचे. चार पणज्या येतात ९, ११, १३ आणि १५ वर. या पद्धतीत बायकांचं पान आपोआप तयार होतं. ते रिकामं असलं तर रिकामं दिसतं, आणि डोळ्यांसमोर राहतं. भावंडांना त्याच क्रमांकापुढे अक्षर जोडा: ४-क, ४-ख.

प्रत्येकाला समोरासमोरची दोन पानं द्या. डाव्या पानावर फक्त कागदोपत्री सापडलेलं, उजव्या पानावर तोंडी ऐकलेलं. प्रत्येक ओळीपुढे ते कुणी सांगितलं किंवा कुठल्या कागदात सापडलं, आणि कधी, हे लिहायचं. सुरुवातीला याचा कंटाळा येतो. पण तीन वर्षांनी दोन वेगवेगळी सालं समोर येतात, तेव्हा ही एक सवय सगळं काम वाचवते.

आधी माणसं, मग कचेरी

कागद आणखी दहा वर्षं थांबतील. माणसांचं तसं नाही. घरातली सर्वांत म्हातारी व्यक्ती पहिली, आणि त्यातही आत्या पहिल्या. आत्यांना माहेरचं सगळं पाठ असतं, कारण त्यांना ते लहान वयात सोडून जावं लागलेलं असतं. घरच्या सुनांनाही पुष्कळ माहीत असतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

फोनचा रेकॉर्डर लावा, पण विचारून. लपवून केलेलं रेकॉर्डिंग नात्याला महाग पडतं. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि समोर कोण बसलंय ते स्पष्ट बोला. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. एका बैठकीत तासाभराच्या पुढे जाऊ नका.

पहिला प्रश्न सालाचा नको. "तुमचं लग्न कधी झालं?" म्हटलं की समोरचं माणूस परीक्षेला बसल्यासारखं आखडतं. घरापासून सुरू करा. दार कुठल्या दिशेला होतं? पाणी कुठून आणायचात, आड होता की नदी? चूल कुठं मांडलेली होती, आणि तिच्यापाशी कोण बसायचं? या शेवटच्या प्रश्नाला जे नाव येतं ते बहुधा वंशावळीत नसलेलंच असतं: बालविधवा आत्या, धाकटी काकू, लांबची पण घरात वाढलेली कुणी.

इथं एक अडचण हमखास येते. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सासऱ्याचं आणि थोरल्या दिराचंही नाही. काही जणी तर त्या नावाशी मिळताजुळता साधा शब्दही टाळतात आणि वस्तूला दुसरंच नाव देतात. त्यांना आग्रह करू नका. नवऱ्याचं नाव हवं असेल तर उखाणा घ्यायला सांगा, लाजत लाजत का होईना नाव येतं. सासऱ्याचं नाव नणंदेला विचारा. बाकीच्यांची नावं तुम्ही एकेक म्हणत जा, त्या मान हलवतील. माझ्या आजीकडून मला तिच्या सासरच्या चार पुरुषांची नावं अशीच, नुसत्या मानेच्या हालचालीवर मिळाली.

टोपणनावांपाशी थांबून "कागदावर काय नाव होतं?" असं प्रत्येक वेळी विचारा. तात्या, अण्णा, बापू, अक्का, माई ही नावं घरोघर असतात. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत असल्यामुळे प्रत्येक बाईची निदान दोन नावं धरून चाला. शिवाय नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे एकाआड एक पिढीत तेच नाव येतं आणि दोन माणसांचं एक होऊन जातं. आमच्या वंशावळीत अशी एक अख्खी पिढी गाळली गेली होती.

सालं शोधायची ती घटनांवरून. "मी तेव्हा केवढी होते?" हे माणसाला आठवतं. १८९६ पासूनचा प्लेग आणि गाव सोडून रानात घातलेल्या झोपड्या, १९१० चं शेंडेनक्षत्र, १९१८ ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ यांच्या आठवणी आता ऐकीव मिळतील. त्यापुढच्या मात्र पाहिलेल्या असतात: गांधीहत्येनंतरची जळितं, मराठवाड्यात रझाकार आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ. "भूकंपाच्या वेळी थोरला पाळण्यात होता" या एका वाक्यातून जन्मसाल मिळतं.

माळ्यावरची कळशी

मराठी घरात कागदाइतकंच लिखाण भांड्यांवर असतं, आणि त्यावर बायकांची नावं असतात. लग्नात आलेली परात, घंगाळ, हंडा, ताम्हण यांच्या काठाखाली नाव घातलेलं असतं: कुणाला, कुणाकडून, कधी.

माझी ११ क्रमांकाची पणजी, म्हणजे आजीची आई, अशीच सापडली. आजी लहान असतानाच ती गेली, त्यामुळे आजीलाही आईचं माहेर धड ठाऊक नव्हतं. माळ्यावर एक तांब्याची कळशी होती. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती, पण वर्षानुवर्षं चिंच आणि राख लावून घासल्यामुळे बोटाला लागत होती, डोळ्यांना दिसत नव्हती. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी बाजूनं, आडवा धरला, तेव्हा ठिपके सावली टाकू लागले. वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली. 'चि. सौ. कां.' एवढं आलं. त्यापुढचं नाव पुसलं होतं. नेमकं तेच. पण शेवटी 'मामाकडून', एका गावाचं नाव आणि 'शके १८४९ माघ' लागलं.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण इंग्रजी वर्ष जानेवारीत बदलतं आणि शक चैत्रात. म्हणून जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवायचे. माघ महिना जानेवारी-फेब्रुवारीत पडतो, म्हणजे हे लग्न १९२८ च्या सुरुवातीचं. संवत्सराचं नाव लिहिलेलं असेल तर ताळा घेता येतो: शके १८४९ हे प्रभव संवत्सर. साठ संवत्सरांचं चक्र प्रभवपासूनच सुरू होतं, त्यामुळे हे एक लक्षात ठेवलं की पुढची मागची बोटांवर मोजता येतात.

मामाचं गाव हे पणजीचं गाव नव्हे, पण पणजीच्या आईचं माहेर नक्की. त्या गावात विचारत गेल्यावर एका घरात "आमची एक आत्या अमुक गावाला दिली होती" असं निघालं, आणि त्या दुसऱ्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात पणजीच्या धाकट्या भावाचं पूर्ण नाव मिळालं. वडिलांचं नाव, आडनाव, गाव सगळं त्या एका ओळीत. पणजी स्वतः शाळेत गेलेलीच नव्हती. तिचं माहेरचं पाळण्यातलं नाव शेवटी त्या भावाच्या सुनेनं सांगितलं.

तेव्हा भांडी मोडीत घालण्याआधी प्रत्येक भांडं उलटंपालटं करून बघा, आणि फोटो काढल्याशिवाय घासू नका. तसंच जुन्या लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, पोथ्यांची शेवटची पानं आणि मनिऑर्डरच्या पावत्या. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकांत कुलदैवताशेजारी कधीकधी घरातल्या एखाद्या वीराचा किंवा सवाष्ण गेलेल्या बाईचा टाक असतो, त्याची कथा विचारा. सगळ्यात मोलाची म्हणजे आहेराची वही. लग्नात कुणी काय दिलं ते लिहिताना माणसाचं गावही लिहिलेलं असतं. माहेरची, आजोळची माणसं त्यात ओळीनं सापडतात.

सुतक कुणाकुणाला येतं?

भावकी किती दूरवर पसरली आहे ते कळायला हा एक प्रश्न पुरतो. कुणाचं सुतक दहा दिवस धरतात, कुणाचं तीन, कुणाचं नुसतं अंघोळीवर जातं, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला पक्कं माहीत असतं. आडनाव वेगळं पण सुतक एक, अशी घरं निघाली तर समजा की आडनाव मध्येच कुठेतरी बदललंय. एक भाऊ पाटीलकीमुळे पाटील झाला, दुसरा गाव सोडून गेला आणि गावाच्या नावानं ओळखला जाऊ लागला. कुलदैवत आणि देवक जुळतंय का तेही बघा. आडनावावर फार विसंबू नका. ते कपड्यासारखं बदलत आलंय, कुलदैवत त्या मानानं टिकतं.

आता कागद

कचेरीत जाण्याआधी गाव त्या काळी कुठल्या तालुक्यात आणि जिल्ह्यात होतं ते पाहून घ्या. सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ चे, लातूर आणि गडचिरोली १९८२ चे. जुने कागद कधीकधी जुन्याच जिल्ह्याच्या ठिकाणी राहिलेले असतात, आणि तुम्ही नव्या ठिकाणी खेपा घालत बसता.

पहिला थांबा शाळेचा. प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजेच जनरल रजिस्टरातली ओळ. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्यायचा, नातं सांगायचं आणि प्रवेशाचं अंदाजे साल द्यायचं. नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा हे सगळं तिथं असतं. फक्त जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका. १ जून दिसली की ती बहुतेक वेळा गुरुजींनी लिहिलेली असते.

दुसरा थांबा तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष. तिथं गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही मागा. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावून नक्कल मिळते. जन्माच्या ओळीत बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. 'अमक्यास मुलगी झाली' एवढंच. मृत्यूच्या ओळीत मात्र नाव, वय आणि कारण असतं: ताप, पटकी, देवी, प्लेग. १९१८ च्या पानांवर एकाच घराची पाठोपाठ तीन-चार नावं येतात. ती वाचताना हात थांबतो. घाई न करता सगळी उतरवून घ्या, लहान मुलांचीसुद्धा.

तिसरा कागद जमिनीचा. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण इतिहासासाठी खरा उपयोगी तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, आणि वारसांची नोंदवही, नमुना ६-क. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात पणजोबांच्या पिढीचे फेरफार मिळण्याची आशा धरायला हरकत नाही. 'अमुक इसम मयत, वारस मुलगे' अशी ओळ सापडली की एक पिढी पक्की होते. पुष्कळ जुने कागद स्कॅन होऊन शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी रजिस्टरं उघडली गेली आणि कितीतरी पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार आली. तुमची जात कुठलीही असो, गाव तेच असेल तर ती पानं चाळा.

आता बायका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारात मुली सहसा दिसत नाहीत, विधवा दिसते. त्यानंतर मुली येतात, आणि लगेच पुढच्या एखाद्या फेरफारानं जातातही, कारण हक्कसोडपत्र झालेलं असतं. माझ्या पाहण्यात तरी जमिनीच्या कागदांवर आपल्या आत्या आणि आत्येआज्या सर्वांत ठळक उमटतात त्या हक्क सोडताना. त्या एका दस्तात सगळ्या बहिणींची सासरची पूर्ण नावं, वयं, गावं, आणि खाली अंगठे. वडिलांच्या एका आत्याचा अंगठा मी असा पाहिला. शाई जास्त लागून रेषा मिटल्या होत्या, म्हणून शेजारी पुन्हा एकदा घेतला होता. ज्या बाईचा घरात एकही फोटो नाही तिची माझ्यापाशी असलेली एवढीच खूण. असा दस्त नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची नक्कल मागता येते.

जुन्या कागदांतले काही शब्द ओळखीचे करून ठेवा. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' आणि 'जोजे' म्हणजे अमक्याची बायको. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन मुलांच्या वतीनं कारभार पाहणारं माणूस. त्यापुढे आईचं नाव असेल तर वडील मुलांच्या लहानपणीच गेले. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: नाव एकाचंच असलं तरी मागे चार भाऊ असू शकतात.

ज्या घरांकडे जमीन नव्हती त्यांनी निराश होऊ नये, फक्त वाट वेगळी आहे. कोतवाल बुक आणि शाळा सगळ्यांसाठी आहेत. त्यापुढे रेल्वे, गोदी, नगरपालिका यांची सेवापुस्तकं, गिरणीचे पास आणि प्रॉव्हिडंट फंडाचे कागद, चाळीतल्या खोलीच्या भाडेपावत्या, जुन्या मतदार याद्या. पहिल्या महायुद्धात गावातून किती माणसं लढायला गेली हे सांगणारी पाटी सातारा आणि कोकणातल्या कितीतरी गावांत आहे. त्यात मेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात, अनेकदा वडिलांच्या नावासह आणि गावासह. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक घरांनी आडनावं बदलली, तेव्हा दोन्ही आडनावांनी शोधा. जुन्या नोंदीत जातीचा उल्लेख ज्या भाषेत येतो ती वाचून चीड येते. नक्कल जशीच्या तशी उतरवा, तुमच्या मजकुरात मात्र त्या माणसाचा उल्लेख तुम्ही मानानं करा.

मोडीचं काय करायचं

स्वातंत्र्याच्या आसपासपर्यंतचं दप्तर बरंचसं मोडी लिपीत आहे. अख्खी लिपी शिकायचा धीर नसेल तर आधी आपलं आडनाव, गावाचं नाव आणि घरातली आठ-दहा नावं मोडीत लिहायला शिका. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली न थांबता लिहीत गेल्यामुळे शब्द एकमेकांना चिकटतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नसतो. पण ओळखीची नावं चेहऱ्यासारखी पटकन दिसू लागतात. महिनाभर रोज अर्धा तास दिला तर एवढं साधतं. पुढे शिकायचं तर पुराभिलेख विभागाचे आणि इतरही संस्थांचे मोडी वर्ग असतात. वतन, इनाम, देशमुखी, कुलकर्णीपण असलेल्या घरांनी पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात, आणि भारत इतिहास संशोधक मंडळात डोकवावं. खानदेशातल्यांनी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात. पण तिथं मोघम जाऊ नका. गाव, परगणा आणि अंदाजे काळ एवढं हातात हवं.

मराठवाड्यातल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. माझ्या आईचं माहेर लातूर जिल्ह्यातलं, तिथले निजामाच्या काळचे कागद उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे तिथल्या महसुली कालगणनेत. फसलीत ५९० मिळवा: फसली १३५० म्हणजे १९४०-४१. उर्दू वाचणारा जाणकार सहसा तालुक्याच्या गावी सापडतो. देवनागरीत हवं असेल तर १९५० नंतरच्या खासरा पाहणी पत्रकापासून सुरुवात करा.

वह्या, हेळवी आणि तर्पणाची यादी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग. घरातलं कुणीही या ठिकाणी गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्याची नोंद असण्याची आशा आहे. वह्या मूळ गाव आणि आडनावावर चालतात. नाशिकला रामकुंडावर जाऊन 'अमुक गावचे अमुक यांचे उपाध्ये कोण?' एवढं विचारायचं. तुम्ही शहरात चार पिढ्या राहत असाल तरी शहराचं नाव सांगू नका, मूळ गाव सांगा. आपल्या पणजोबांची सही वहीत पाहणं हा अनुभव शब्दांत मावणारा नाही. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या, दक्षिणा हात राखून देऊ नका, आणि परत निघण्याआधी आजची नावं नीट लिहून या. त्यात बायकोचं, सुनेचं, मुलीचं नाव घाला, प्रत्येकीच्या माहेरासह.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी येतात. सुगीनंतर दारात येऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखवणारी ही माणसं. आता त्यांच्याजवळ वह्याही असतात. त्यांचं येणं चुकवू नका, आणि म्हणताना रेकॉर्ड करा.

ज्या घरांत श्राद्ध-तर्पण होतं, तिथं एक जीर्ण कागद पंचांगात घडी घालून ठेवलेला असतो. त्यात वडिलांकडच्या तीन पिढ्यांची पुरुषांची नावं असतातच, पण आई, आजी, पणजी यांची आणि आईच्या माहेरच्या तीन पिढ्यांचीही असतात, कारण विधीला ती उच्चारावी लागतात. माझ्या मते वंशावळीपेक्षा हा कागद जास्त खरा. वंशावळ पाहुण्यांना दाखवायला लिहितात, हा पितरांसाठी लिहिलेला असतो.

गोव्यात ख्रिस्ती घरांसाठी चर्चमधल्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्या आहेत, आणि जुन्या मुलकी नोंदी पोर्तुगीज भाषेत. मॉरिशसच्या मराठी मंडळींनी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये विचारावं. करारावर गेलेल्या मजुरांचे कागद तिथं जपलेले आहेत.

दोन कागद भांडतात तेव्हा

हे होणारच. शाळेत एक साल, जन्मपत्रिकेत दुसरं, आत्या तिसरंच सांगते. माझा कौल असा: घटना घडली त्याच वेळी, आणि दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला कागद जास्त विश्वासाचा. जन्मपत्रिका जन्मानंतर लवकर मांडलेली असेल तर शाळेपेक्षा भारी. आहेराची वही पुढे छापलेल्या कुलवृत्तांतापेक्षा भारी. तरी चुकीचं वाटणारं खोडू नका, कारण देऊन बाजूला ठेवा. आमच्या घरातली एक 'चूक' पुढे खरी निघाली: पणजोबांची दोन लग्नं झाली होती आणि दोघींना सासरी एकच नाव ठेवलं होतं.

अशा गोष्टी निघतात: दुसरं घर, दत्तक, टाकलेली बायको, विहिरीत गेलेली सून. वहीत लिहा, कारण पुसून टाकणं हा त्या बाईवर दुसऱ्यांदा अन्याय आहे. पण कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ज्यांना ते लागू होतं ती माणसं हयात असतील, तर आधी त्यांच्याशी बोला. जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते इंटरनेटवरच्या कुठल्याही वंशवृक्षात चढवू नका.

जपून ठेवायचं कसं

फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहा, शाई पलीकडे उमटते. स्कॅन ६०० डीपीआयवर करा. लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप तर मुळीच लावू नका, दहा वर्षांत ती पिवळी पडून अक्षरं सोबत घेऊन निघते. फाइलला नाव देताना साल, गाव, व्यक्तीचा क्रमांक आणि कागदाचा प्रकार द्या: '१९२८_(गाव)_११_कळशी'. संगणकावर वंशवृक्ष करायचा तर ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर देवनागरी नीट पेलतं. सगळ्याच्या तीन प्रती, तीन वेगळ्या घरी, आणि त्यातली एक छापील. रेकॉर्डिंग त्याच आठवड्यात कागदावर उतरवा, आणि बोलणाऱ्याचीच भाषा ठेवा. आजी 'आलो व्हतो' म्हणाली असेल तर 'आलो होतो' करू नका.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी नोंदीत स्वतःच्या नावानंतर आईचं नाव आणि मग वडिलांचं येतं. त्यांच्या पणतवंडांचं काम सोपं होईल. आपल्याला मागच्या बाजूनं हातानं भरायचंय.

माझ्या वहीत ९, ११ आणि १५ भरले. १३ चं, म्हणजे आईच्या वडिलांच्या आईचं पान अजून अर्धं आहे: सासरचं नाव आहे, माहेर 'उदगीरकडचं' एवढंच. गेल्या महिन्यात मामी म्हणाली, माळवदाच्या कोठीत पितळी घंगाळ आहे, त्यावर काहीतरी अक्षरं आहेत. मी तिला सांगितलंय, मी येईपर्यंत घासू नको. टॉर्च आणि पातळ कागद बॅगेत भरून ठेवलाय.